तेविसावी पाटी

निवडणूक संपली की माझं काम सुरू होतं.
सातशे वीस खुर्च्या, सातशे वीस पाट्या, एक पेचकस
आणि गुडघ्यांखाली आजोबांची चामड्याची गादी.
बाहेर इल नदी जुलैच्या उन्हात पडून आहे.
समोरच्या धुराड्यावर करकोच्यानं घर केलंय,
त्याला कुणी विचारत नाही तू कुठल्या गटाचा.

आजोबा सांगायचे, अगदी सुरुवातीला
सगळे अकारविल्हे बसायचे.
फक्त आडनावाचं अक्षर जुळलं म्हणून
पाद्र्यांचा लाडका आणि देव न मानणारा
एकाच बाकावर कोपराला कोपर लावून.
मग एका सकाळी निरोप आला : पाट्या काढा.
पंगत बदलली आहे.
कोण कुठून आला ते विचारू नका,
कशावर विश्वास आहे तेवढं विचारा.
त्या दिवशी आजोबांनी पहिल्यांदा पाहिलं,
एक बेल्जियन एका इटालियनासाठी
टोपी ठेवून जागा धरतोय.

मी ओडिल. सुतारीण. मला लाकूड कळतं.
काही गट झाडासारखे वाढतात,
वर्षाला एक वलय, दुष्काळात बारीक.
पण झाडालाही कलम सोसावं लागतं.
त्या वर्षी पूर्वेकडून तीऊ रान्नामे आली,
कामगारांच्या बाकांवर बसली आणि म्हणाली,
मला कॉम्रेड म्हणू नका.
त्या शब्दानं माझ्या आजोबांना मालगाडीत घातलं होतं.
लिस्बनचा म्हातारा गप्प झाला.
त्याच शब्दासाठी त्यानं सहा वर्षं तुरुंगात काढली होती.
दोघांच्या पाट्यांत एक वीत अंतर,
आणि मी खाली वाकलेली, पेचकस हातात,
फिरवावा की थांबावं, कळेना.
(दुसऱ्या दिवशी तो तिला नुसतं तीऊ म्हणाला. चाललं.)

काही गट मात्र सरसावर उभे.
त्यातला प्रत्येक जण म्हणतो, आधी माझं अंगण.
पण तेवीस अंगणं जमल्याशिवाय
कचेरी नाही, कारकून नाही, बोलायला वेळ नाही.
तेवीस माणसं, सात देशांतली.
मग कुंपणवाले कुंपणवाल्यांना मिठी मारतात,
एकमेकांचे नकाशे घडी करून खिशात ठेवतात,
कारण दोघांच्याही नकाशात तेच एक गाव आहे.

यंदा त्यांचे बावीस झाले.
तेवीस होणार की नाही ते येर्नेय पोडलिप्निकवर होतं.
स्लोव्हेनियातला मधपाळ, कुणाचाच नसलेला.
त्याची पाटी रात्रभर माझ्या एप्रनच्या खिशात.
नऊला फोन : उजवीकडे लाव.
अकराला फोन : थांब.
एकला तो स्वतःच आला, रिकाम्या सभागृहात,
बूट हातात घेऊन.

काय हवंय त्यांना? मी विचारलं.
आकडा, तो म्हणाला.
मग बराच वेळ छताकडे बघत राहिला.

दोन पोळी एक करायची असली ना,
तर मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात.
दोन्हीकडच्या माश्या तो कुरतडत बसतात.
कागद संपेपर्यंत
ह्यांचा वास त्यांना लागतो, त्यांचा ह्यांना.
मग भांडण होत नाही.
आणि घाई केली तर? मी म्हटलं.
सकाळी पेटीखाली ढीग, तो म्हणाला. झाडूनं भरावा लागतो.

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल.
पहाटे चारला त्यानं सही केली.
कचेरी मिळणार होती त्याला, मधाच्या भावावर बोलायला दीड मिनिट,
आणि घरी सांगायला काहीतरी.
माणूस वाईट नव्हता.

पाटीला चार स्क्रू लागतात.
मी दोनच लावले.